पंधरावा मॉप

ऑपरेशन थिएटरमध्ये माझी कामं दोन. सर्जनच्या हातात हवं ते हत्यार हव्या त्या क्षणी द्यायचं, आणि दिलेलं सगळं परत आलं की नाही ते मोजायचं. पहिलं काम सगळ्यांना दिसतं. दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पोटाच्या ऑपरेशनला रक्त टिपायला आणि आतडी बाजूला धरून ठेवायला जाड सुती कापडाचे चौकोन लागतात. त्यांना आम्ही मॉप म्हणतो. मोठ्या रुमालाएवढा असतो एक. कोपऱ्याला नाडी आणि विणीत एक निळा दोरा. कोरडा असतो तेव्हा पांढरा आणि फुगीर. रक्तात भिजला की आतड्यासारखा दिसतो, हाताला लागतोही तसाच. म्हणून तो दोरा. एक्स-रेमध्ये कापड दिसत नाही, दोरा दिसतो.

पाच मॉपची एक गड्डी. गड्डी सोडताना मी मोठ्याने मोजते, समोरची सिस्टर फळ्यावर आकडा लिहिते. पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजायचं. मी "मोजणी बरोबर" म्हणाले की मगच सर्जनने टाका घ्यायचा. आकडा जुळला नाही तर सगळं थांबतं, कुणालाही कितीही घाई असो.

बावीस वर्षं हे करतेय. कामाला लागले त्या वर्षी देवापुढे एक नेम धरला, की दिवसाची शेवटची मोजणी जुळल्याशिवाय संध्याकाळचं जेवायचं नाही. नेम तसा सोपाच होता, कारण मोजणी रोज जुळायची. घरी आले की हे दारातच विचारायचे, "जुळली?" मी "जुळली" म्हणायचे, हातपाय धुवायचे, आणि आम्ही ताटं घ्यायचो. माझी नणंद चेष्टा करायची, "वहिनी, तुमच्याकडे जेवायच्या आधी हजेरी होते."

आमचे सर चाळिशीतले. फार बोलायचे नाहीत, पण शिवायला घेतलं की गुणगुणायचे. शब्द नसायचे, एकच सूर, घरंगळत खाली येणारा. भूल देणाऱ्या मॅडम त्यांच्या कॉलेजातल्या. त्या म्हणायच्या, "पेशंटला मी भूल दिलीय, पण मला कोण देणार? हे ऐकवत नाही रे." सर आणखी मोठ्याने गुणगुणायचे. फळ्यापाशी असायची ती आमच्यातली सगळ्यात लहान सिस्टर, तिला सगळे धाकटीच म्हणायचे. ती तोंड फिरवून हसायची.

मग साथ आली.

ठरलेली ऑपरेशनं बंद झाली, फक्त जिवावर बेतलेली घ्यायची. अंगात किट, त्यावर गाऊन, दोन मास्क, चष्मा. चष्म्याच्या आतून पाणी ओघळायचं. पाठीवर मार्करने कोण ते लिहायचं, नाहीतर कोण कुठला कळायचं नाही. उरलेल्या वेळात सर्जन लोकांना तापाच्या वॉर्डात लावलं. ज्या माणसाला कापून दुरुस्त करायची सवय, त्याला ऑक्सिजनच्या आकड्यांकडे बघत उभं केलं. दुपारी चार वाजता सरांच्या हातात यादी यायची. एकेका घरी फोन करायचा. मॅडम विचारायच्या, "जेवलास?" ते म्हणायचे, "मी आता सर्जन राहिलो नाही गं. पोस्टमन झालोय. आणि टपाल एकाच प्रकारचं."

घरी सत्तरीपुढची आई होती, म्हणून सर घरी जात नव्हते. थिएटरशेजारच्या डॉक्टरांच्या खोलीत राहायचे. लोखंडी खाट, एक खिडकी, खिडकीतून पाण्याची टाकी. आई रोज फोन करायची. सर फोन कानाला लावून टाकीकडे बघत "हो, हो" म्हणत राहायचे. धुऊन धुऊन त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. गुणगुणणं कधी थांबलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. थांबलंय हे एक दिवस लक्षात आलं, एवढंच.

तो पेशंट सकाळी अकराला आला. पोटातला अल्सर फुटलेला, वर तापही. पन्नाशीचा माणूस, शाळेची बस चालवणारा. टेबलावर घेतलं तेव्हा शुद्धीत होता. मी गड्ड्या सोडून मोजत होते, "पाच. दहा. पंधरा."

"काय मोजताय ताई?" त्याने विचारलं.

"तुमच्या पोटात काय जातं आणि काय परत येतं, ते."

त्याचे डोळे हसले. "मीपण मोजतो. चढताना बत्तीस, उतरताना बत्तीस. एकदा एक मुलगी मागच्या सीटखाली झोपली होती. आकडा चुकला म्हणून कळलं. तेव्हापासून रोज वाकून बघतो."

सर पलीकडे हात वर धरून उभे होते. त्यांनीही ऐकलं. "मग चांगल्या माणसांच्या हातात आहात," ते म्हणाले. त्या महिन्यात मी त्यांना पेशंटशी असं बोलताना ऐकलं ते तेवढंच.

पोट उघडलं तर आत सगळा पू. यकृताखाली मॉप भरून जागा कोरडी करावी लागली. भोक बुजवलं, पोट धुतलं. तेवढ्यात मॅडमच्या मशीनचा आवाज बदलला. ऑक्सिजन उतरायला लागला, नव्वद, शहाऐंशी, ब्याऐंशी.

"आवरा," मॅडम म्हणाल्या.

मी मोजले. चौदा.

पुन्हा मोजले. धाकटीने बादली पालथी केली, टेबलाखाली बघितलं, सगळ्यांनी पाय उचलून बुटांचे तळवे दाखवले. सरांनी पोटात हात घातला. यकृताखाली, आतड्यांच्या मधे, पार खाली. चष्मे इतके धूसर झाले होते की हातालाच काय ते कळेल असं होतं. "नाही," ते म्हणाले. पुन्हा हात घातला. "नाही लागत."

"एक्स-रे घेऊ या सर," मी म्हणाले.

फिरतं मशीन तापाच्या वॉर्डात होतं. पुसून, शुद्ध करून आणायला चाळीस मिनिटं.

"चाळीस?" मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे दहा नाहीत. पोट उघडं ठेवून मी याला श्वास देऊ शकत नाही."

सर एक क्षण टेबलाच्या कडेला पोट टेकवून उभे राहिले. मग म्हणाले, "बंद करतो. वॉर्डात गेला की मी स्वतः फोटो काढून घेतो. सापडला तर परत उघडू."

"मग एक कमी असं लिहिते."

"कमी लिहिलं तर चौकशी होईपर्यंत थिएटर बंद करतील. बाहेर अजून दोघं आहेत." त्यांचा आवाज चढला नव्हता. दमलेल्या माणसाचा आवाज चढत नाही. "सिस्टर, बरोबर म्हणा."

धाकटी मार्कर हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"मोजणी बरोबर," मी म्हणाले.

तिने फळ्यावर पंधरा लिहिले. मी रजिस्टरमध्ये पंधरा लिहून सही केली. सरांनी केली.

त्या संध्याकाळी ह्यांनी दारात विचारलं, "जुळली?"

मी हात धूत राहिले. "आज भूक नाही," म्हणाले.

फोटो निघाला नाही. सरांनी तीनदा चिठ्ठी लिहिली. एकदा मशीन बिघडलेलं होतं, एकदा पेशंट हलवण्यासारखा नव्हता. तिसऱ्या दिवशी तो गेला. फुप्फुसं गेली होती त्याची, पोट नव्हे. मॅडमनी कागद दोनदा वाचून सांगितलं. मृतदेहाची बॅग बंद झाली. बंद झालेली बॅग उघडायची नाही, असा तेव्हा नियम होता.

त्याची बायको सामान न्यायला फाटकावर आली. चष्मा, मोबाइल, एक स्वेटर. पिशवी द्यायला मीच गेले होते. ती म्हणाली, "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फोनवर बोलले होते हो माझ्याशी. म्हणाले, काळजी करू नकोस, इथे एक ताई आहेत, माझ्यासारखंच मोजतात."

मी पिशवी दिली.

त्यानंतर मी संध्याकाळचं जेवण सोडलं. बाकीच्या दिवशी मोजणी जुळत होती, पण ती एक मधे उभी होती. हे रोज माझं ताट वाढून झाकून ठेवायचे, आणि सकाळी उठून ते उचलायचे.

सरांचं पहिलं लक्षण मी पाहिलं ते आठवड्याभराने. एक आतड्याचं ऑपरेशन होतं. मोजणी झाली, मी बरोबर म्हणाले, आणि सर थांबून राहिले.

"पुन्हा मोजा."

मोजले. बरोबर.

"पुन्हा."

तीनदा मोजून झाल्यावर त्यांनी सुई हातात घेतली. घेण्याआधी उजवं कोपर बरगडीला घट्ट दाबलं. हात निर्जंतुक असताना आम्हाला अंगाला हात लावता येत नाही. त्यांना उजव्या बरगडीखाली काहीतरी चाचपायचं होतं, आणि हात लावता येत नव्हता.

मग ते रोजचंच झालं. चहा घेताना, फोनची यादी वाचताना, जिना चढताना, त्यांचा हात तिथे असायचा.

"पित्त असेल," मॅडम म्हणाल्या. "उपाशी किती राहतोस."

"पित्त नाही." सर चहाच्या कपात बघत होते. "उजव्या कुशीवर वळलो की काहीतरी दबतं. मऊ आहे. ओलं आहे."

मॅडम हसल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांना ओढत सोनोग्राफीला घेऊन गेल्या. काही निघालं नाही. यकृत छान, पित्ताशय छान. मॅडमनी मग मनाच्या डॉक्टरांचा नंबर दिला. तेव्हा फोनवरच बोलायची सोय होती. सरांनी नंबर खिडकीच्या काचेवर चिकटवून ठेवला. "लावतो," म्हणाले. "माझ्या यादीतली घरं संपली की लावतो."

दर महिन्याला आम्हा सगळ्यांच्या छातीचा एक्स-रे काढायचे. एक्स-रेचे काका निवृत्तीला आलेले, त्यांच्या हातून एखादा कोपरा वाकडा आला तरी पुन्हा काढायचे. त्या दुपारी त्यांनी मला हाक मारली. "सिस्टर, सरांना सांगा, शर्ट काढून या. कपड्याला दोरा अडकलाय."

सर शर्ट काढून उभे राहिले. मी काचेच्या अलीकडे होते. त्यांच्या अंगावर कुठेही व्रण नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. त्यांचं कधीच कुठलं ऑपरेशन झालेलं नव्हतं.

काकांनी दुसरा काढला. उजवीकडे, छातीच्या पडद्याच्या खाली, चित्राच्या अगदी कडेला, एक बारीक पांढरी रेघ होती. गुंडाळी सुटत आलेल्या दोऱ्यासारखी, एक फेरा घेऊन स्वतःवरूनच गेलेली.

"प्लेट खराब असणार," काका म्हणाले. त्याच प्लेटवर त्यांनी मला उभं केलं. माझा स्वच्छ आला.

सरांचा पुन्हा काढला. रेघ होती. फेऱ्याचा आकार बदलला होता. श्वासाबरोबर पोटातलं काही हलतं, तेवढाच.

बावीस वर्षांत मी अशी रेघ चार वेळा पाहिली आहे, बाहेरून आलेल्या पेशंटच्या फोटोत. तिच्याबद्दल माझी चूक होत नाही. सरांचीही होत नाही. त्यांनी फोटो उजेडाला धरला, मग अलगद पाकिटात घातला, जसा पेशंटचा घालतात.

"काका, हा कुणाला दाखवू नका," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हरवलेली वस्तू कुठे आहे हे कळल्यावर माणूस जसा सैल पडतो, तसे ते दिसत होते. त्याचीच मला भीती वाटली.

त्यांनी मॅडमना फोटो दाखवून आपलं पोट उघडायला सांगितलं. म्हणजे दुसऱ्या सर्जनला बोलावून, मॅडमनी भूल द्यायची. मॅडम म्हणाल्या, "सोनोग्राफीत काही नाही. अंगावर व्रण नाही. मी तुला भूल देणार नाही. मी तुला रजा देणार आहे."

"रजेवर हेपण येणार ना बरोबर," सर बरगडीवर हात ठेवून म्हणाले.

"आईकडे जा. चार दिवस झोप."

"झोपलं की दबतं गं."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे साडेसहाला पोचले. थिएटर लावायला मी लवकर जाते. त्या शांततेत माझी दोन मिनिटांची प्रार्थना होते. त्या सकाळी आतला दिवा लागलेला होता.

सर ऑपरेशनच्या टेबलावर बसले होते. पाय खाली सोडलेले, शर्ट काढलेला. शेजारी ट्रॉलीवर हत्यारांचा छोटा संच उघडून मांडलेला, जागा बधिर करायचं इंजेक्शन भरलेलं. उजव्या बरगडीखाली जांभळ्या पेनने रेघ आखलेली होती, सरळ, पट्टीने आखल्यासारखी.

"बरं झालं आलात सिस्टर," ते म्हणाले. रोजच्यासारखंच. "दुसरा हात लागणारच होता. दोन इंचाचं काम आहे. नाडी बोटाला लागली की ओढून काढतो. मग तुमचापण आकडा पूर्ण होईल."

फोन त्यांच्या मागच्या भिंतीवर होता. धाकटी सातला यायची. चाकू त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मी ओरडले असते तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. मला ओरडता येत नाही, कधीच आलं नाही.

"मोजणी झाली?" मी विचारलं.

ते थांबले. "नाही."

"मग चाकू देता येणार नाही, सर."

वीस वर्षांची सवय माणसाच्या हाडात असते. त्यांनी चाकूकडे बघितलं आणि हात मांडीवर घेतला. "घ्या मोजून."

मी हात धुतले. पूर्ण पाच मिनिटं, कोपरापर्यंत, एक बोटही न गाळता. गाऊन घातला, हातमोजे घातले. गड्डी सोडली. पाठ त्यांच्याकडे होती. गड्डी पाचांची होती. ती मी स्वतः आदल्या दिवशी बांधली होती.

पाचवा मॉप मी डाव्या मुठीत दाबला.

"एक," मी मोजायला लागले. "दोन. तीन. चार."

"पाच?"

"चारच आहेत."

"दुसरी सोडा."

"अपुरी गड्डी थिएटरबाहेर गेल्याशिवाय दुसरी सोडता येत नाही. धाकटीला तुम्हीच शिकवलंत."

"मग बाहेर न्या."

"मी हात धुतलेत सर. मला बाहेर जाता येणार नाही."

त्यांनी मान हलवली. नियम त्यांना पटला. "धाकटी कधी येते?"

"सातला."

"मग थांबायला लागेल."

"थांबू या," मी म्हणाले.

आम्ही थांबलो. भिंतीवरचं घड्याळ सहा बावन्न दाखवत होतं. ते चार मॉप त्यांच्या समोर पसरलेले होते, आणि ते ओठ हलवून मोजत होते. चार. पुन्हा चार.

माझी मूठ गाऊनच्या घडीत होती. मोजणीत मी खोटं बोलले ते आयुष्यात दुसऱ्यांदा. देवाकडे मी कधी काही मागत नाही, नुसतं आठवण ठेवते. तेव्हा मागितलं. सरांकडचं काढून घे, म्हणाले. कुठे ठेवायचं ते कळत नसेल तर माझ्याकडे ठेव.

"तो वाकून बघायचा," सर अचानक म्हणाले.

"कोण?"

"बसवाला. रोज वाकून बघायचा. मी नाही बघितलं." त्यांचा चेहरा हलला नाही, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग खांदे. सातला दोन मिनिटं असताना दार ढकलून धाकटी आत आली आणि जागीच उभी राहिली.

"मॅडमना बोलाव," मी हळू आवाजात सांगितलं. "आणि ही गड्डी बाहेर ने. एक कमी आहे."

मॅडम धावत आल्या. त्यांनी एक शब्द विचारला नाही. स्वतःचं जाकीट सरांच्या अंगावर घातलं, जांभळी रेघ झाकली, आणि त्यांना खांद्याला धरून घेऊन गेल्या. त्या दिवशी त्याच त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, तिथून आईकडे.

सगळे गेल्यावर मी मूठ उघडली.

मूठ रिकामी होती.

गाऊनच्या घड्या झटकल्या. बाह्या उलट्या केल्या. बादली, ट्रॉलीचा खालचा कप्पा, बुटांचे तळवे. मग गुडघे टेकून टेबलाखाली वाकून बघितलं. फरशी स्वच्छ होती. मूठ मी मधे कधी उघडली होती का, ते मला आजही आठवत नाही. नखांचे चार वण तळव्यावर होते, हातमोज्यातूनसुद्धा उमटलेले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. अपुरी गड्डी, एवढीच नोंद झाली.

सर सहा आठवडे रजेवर होते. मधे त्यांनी घरून पत्र पाठवलं. त्या दिवशीची मोजणी एकाने कमी होती, सिस्टर तसं लिहिणार होत्या, मी त्यांना बरोबर म्हणायला लावलं, दोष सगळा माझा. चौकशी झाली, त्यांना लेखी ताकीद मिळाली. बसवाल्याच्या बायकोलाही ते आईला बरोबर घेऊन भेटून आले. ती काय म्हणाली ते त्यांनी सांगितलं नाही. मला कुणी काही विचारलं नाही. पत्रात माझ्या वाट्याचं काही उरलंच नव्हतं.

साथ ओसरत होती. सर परत आले तेव्हा गालांवर मांस आलं होतं, बोटांना कातडी आली होती. मॅडमनी पहिल्याच दिवशी काकांकडे पाठवलं. फोटो स्वच्छ आला. पडद्याखाली काही नव्हतं. काकांनी शर्टासकट काढला, शर्टाशिवाय काढला, दोन्ही स्वच्छ.

"मनाचे खेळ," मॅडम म्हणाल्या. "आपल्या सगळ्यांच्याच." त्यांनी जुने फोटो मागवले. काका म्हणाले, "ते पाकिटात नाहीत मॅडम. कुठे गेले बघतो."

त्या आठवड्यात सरांनी पहिलं पोट शिवलं. मी "मोजणी बरोबर" म्हणाले आणि त्यांना एकाच मोजणीत पटलं. चौथ्या टाक्याला तो सूर ऐकू आला, घरंगळत खाली येणारा. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "झालं. आता मला भूल द्या कुणीतरी." धाकटी हसली. मीही हसले, आणि हसताना उजवं कोपर आत आवळलं गेलं.

माझे हात निर्जंतुक होते. मला चाचपता आलं नाही.

महिनाअखेरीला माझी पाळी आली. गळ्यातलं, कानातलं, केसांतल्या पिना, सगळं काढून ट्रेमध्ये ठेवलं. थंड प्लेटला छाती टेकवली. श्वास रोखला. सोडला.

काका आतून बाहेर आले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला.

"सिस्टर, कपड्याला काही अडकलंय का? दोरा वगैरे?"

"नाही काका. सगळं काढलंय."

"पुन्हा काढू या."

"नको," मी म्हणाले. "दाखवा."

त्यांनी तो उजेडाला धरला. मी जवळ जाऊन, थोडं वाकून बघितलं. खालच्या कडेला, उजवीकडे.

"एक," मी म्हणाले. सवयीने, हळूच.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. ह्यांनी दार उघडलं. कित्येक महिने ते दारात काही विचारत नव्हते. त्या दिवशी माझ्याकडे बघून काय वाटलं कोण जाणे.

"जुळली?" त्यांनी विचारलं.

"जुळली," मी म्हणाले.

ते इतके खूश झाले की दोन्ही ताटं त्यांनीच वाढली, माझ्यासमोर बसले, आणि मी पहिला घास घेईपर्यंत बघत राहिले. मी पोटभर जेवले. उजव्या हाताने जेवत होते. डावा हात कुठे होता, ते त्यांनी विचारलं नाही.